शेवटच्याला सोडायचं नाही

४ ऑक्टोबर २०२०, रविवार
काल कळलं. आठ महिन्यांनी, आणि तेही परक्याच्या तोंडून.

योस्त आणि त्याची बायको मागच्या बागेत आले होते. खुर्च्या दीड मीटरवर, वडे कागदी प्लेटांत, सगळं कोरोनाच्या नियमानुसार. योस्त म्हणजे नवऱ्याच्या, सुहासच्या, ऑफिसातला इथला डच मित्र, दर हिवाळ्यात त्याला ऑस्ट्रियाला स्कीइंगला नेणारा. वडा खाता खाता सहज म्हणाला, "फेब्रुवारीत मला बर्फाबाहेर त्याचा फक्त एक ग्लव्ह दिसला. तो दिसला नसता तर..." आणि माझा चेहरा बघून थांबला. हातातला वडा खाली ठेवला.

मला सांगितलं होतं ते असं: पडलो, खांदा दुखावला. आठ महिने मी त्या खांद्याला तेल चोळतेय!

सु. चटणीकडे बघत बसला होता. पाहुणे गेल्यावर भांडी मी घासली, मुद्दाम आवाज करत.

५ ऑक्टोबर
आज सगळं वदवून घेतलं.

चौघं होते. लिफ्ट नाही, स्कीच्या खाली पट्ट्या लावून चालत वर चढायचं आणि मग उतरायचं, तो प्रकार. एक तिरपा उतार आडवा पार करायचा होता. नियम असा की एका वेळी एकानेच जायचं, बाकीच्यांनी कडेला उभं राहून बघायचं. दोघं पार झाले. सु. तिसरा, निम्म्यावर पोचला होता. मागे योस्तची स्की निघाली, तो काठावर खटपट करत बसला. तर हा शहाणा उतारावर मध्येच थांबला आणि उलट फिरून त्याच्याकडे निघाला.

"का?"
"तो शेवटी एकटा राहिला होता ना."

याला काय म्हणायचं. कॉलेजच्या ट्रेक ग्रुपमध्ये सु. कायम शेवटी चालायचा. सह्याद्रीतला पहिला धडा: शेवटच्याला सोडायचं नाही. तिथे ते बरोबरच आहे. इथे त्याच्या वजनाखाली बर्फाचा अख्खा पापुद्रा तुटला आणि त्याला घेऊन खाली गेला. योस्त काठावर होता म्हणून वाचला, आणि योस्त वाचला म्हणून सु. वाचला.

त्या सवयीला शिव्याही घालता येत नाहीत. राजगड उतरताना मी शेवटची होते, चप्पल तुटलेली, आणि हाच मागे थांबला होता. संसार त्यातूनच सुरू झाला.

६ ऑक्टोबर
म्हणतो, आता जाणार नाही. हे तो ज्या आवाजात गोड सोडलं म्हणतो, त्याच आवाजात म्हणतो.

स्की विकून टाक म्हणाले असते. दुपारपर्यंत तेच ठरलं होतं. पण मी या माणसाला ओळखते. जाईल. सांगून नाही, तर न सांगता, आणि पुन्हा खांदा दुखला म्हणून परत येईल. किंवा येणार नाही.

तेव्हा ठरलं: अडवायचं नाही. शोधायला आणि खणायला शिकायचं. स्कीइंगही शिकायचं, त्याशिवाय तिथवर पोचणार कशी. मी त्रेचाळीस वर्षांची, गुडघे बरे, थंडी अजिबात आवडत नाही. बघू.

सु.ला सांगितलं तर हसला. मग मी हसत नाही हे बघून गप्प झाला.

८ नोव्हेंबर, रविवार
झांडफोर्टचा समुद्रकिनारा. वारा असा की चहा कपातून उडाला.

योस्तने दोन पीपर उसने दिलेत. छातीवर बांधायचं छोटं यंत्र, एरवी सिग्नल सोडतं, कोणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपलं यंत्र शोधण्यावर टाकायचं, मग ते बाण आणि अंतर दाखवतं. सराव म्हणून सु.ने एक वाळूत पुरायचं, मी शोधायचं. मी पाठ करून उभी. वळले, शोधत गेले, तर बाण वेड्यासारखा फिरतोय. इकडे, तिकडे, समुद्रात. अर्धा तास उकरलं. शेवटी सु.ने जागा दाखवली. वाळू जाऊ नये म्हणून महाशयांनी पीपर पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात घालून, झाकण घट्ट लावून पुरला होता. धातूतून सिग्नल धड बाहेर येत नाही. दोघं इंजिनियर!

योस्तला फोनवर सांगितलं, तो किती वेळ हसत होता.

मग गाडीत श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा सापडला. त्यात घातला आणि पहिल्या फटक्यात सापडला. लांब सळई वाळूत खुपसत होते तेव्हा कुत्रं घेऊन एक आजी आल्या, डचमध्ये विचारलं, काही हरवलंय का?
"नवरा," मी म्हटलं.
त्यांनी लांब उभ्या सु.कडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शुभेच्छा देऊन गेल्या.

१५ डिसेंबर
पुन्हा सगळं बंद. छताखाली बर्फ करून स्की शिकवतात तो हॉल बंद, दुकानं बंद, ईराची शाळा लॅपटॉपवर. ऑस्ट्रियाचा प्रश्नच नाही. मनातल्या मनात सुटल्यासारखं वाटलं, ते इथे लिहून ठेवते.

पण थांबायचं नाही. जुन्या स्की दिवाणखान्यात लॅमिनेटवर घालून उभ्याने वळायचा सराव. तिरप्या उतारावर उलट दिशेला फिरायचं तर एक पाय अख्ख्या स्कीसकट उचलून मागे फिरवून ठेवायचा, मग दुसरा. आज पहिला पाय फिरला, दुसऱ्याने तुळशीची कुंडी पाडली.

ईरा जिन्यात उभी. पंधरा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर कधी इंग्रजी कधी डच. "ममा, वॉट इज हॅपनिंग टू धिस फॅमिली?"

तुळस दुसऱ्या कुंडीत लावली. थंडीत जगते का बघायचं.

८ फेब्रुवारी २०२१, सोमवार
आमच्या उइटहॉर्नमध्ये बर्फ! इथे असा क्वचितच पडतो. सकाळच्या ऑनलाइन मीटिंगला निम्मी टीम खिडकीबाहेर बघत होती.

लंच ब्रेकमध्ये सायकलींच्या शेडमागे वाऱ्याने ढीग साचवलाय तो फावड्याने उभा कापला. योस्तने सांगितलं होतं, कापून बघ. थर दिसतात, खरंच. वर वाऱ्याने दाबलेला घट्ट, मध्ये भुसभुशीत, खाली जाड रव्यासारखे सुटे दाणे. बाजूने हलकं थोपटलं तर वरचा तुकडा अख्खा सरकून पायावर आला. ताटात थापलेली वडी जशी तूप जास्त झालं की अलगद सुटते तशी.

हातभर बर्फ होता. हसू यायला हवं होतं. मी तिथेच शेडला टेकून रडले. सु. आत कॉलवर होता. त्याच्या छातीवर हेच बसलं होतं, टनावारी, आणि मला तेल चोळायला लावलं.

१३ फेब्रुवारी, शनिवार
अख्खं गाव गोठलेल्या पाण्यावर स्केटिंग करतंय. सासूबाईंशी व्हिडिओ कॉल. सु.ने कौतुकाने सांगितलं की ही पण पुढच्या वर्षी डोंगरात येणार. खांद्याचं त्यांना माहीत नाही, सांगायचंही नाही. त्या मला म्हणाल्या, "अगं, दुरून डोंगर साजरे. तो ऐकत नाही, निदान तू तरी..."
"तो ऐकत नाही म्हणूनच जाते, आई."
मग म्हणाल्या, कानाला गुंडाळ.

१९ जून
हॉल उघडला. बाहेर लोक चड्डीत आईस्क्रीम खातायत आणि आत मी टोपी घालून उणे तापमानात. माझ्या बॅचमध्ये सहा वर्षांची तीन मुलं. एकीने मला पडल्यावर उठायचं कसं ते दाखवलं. आज दोनदाच पडले.

सु. काचेपलीकडे कॅफेत. दर वेळी मी पडले की अर्धा उठतो आणि बसतो.

२० डिसेंबर २०२१
पुन्हा लॉकडाऊन. तिसरा की चौथा, मोजणं सोडलं. हॉल बंद होईपर्यंत लाल, म्हणजे जरा अवघड उतारावरून उतरायला लागले होते. हळू, पण पडत नाही.

ऑस्ट्रिया चालू आहे म्हणे, लशीचे डोस दाखवले की. योस्तने मार्चचा आठवडा बुक केला. आम्ही तिघं: योस्त, सु., मी. त्याची बायको या वर्षी नाही म्हणाली.

आजपासून रोज सकाळी चहाबरोबर तिथलं हिमस्खलनाचं बुलेटिन. समुद्रसपाटीच्या खालच्या गावात बसून मी अडीच हजार मीटरवरच्या उत्तरेकडच्या उतारांची काळजी करते.

२९ जानेवारी २०२२, शनिवार
बुलेटिनात रोज तेच: नोव्हेंबरमध्ये पडलेला बर्फ खाली सुटा राहिलाय, वर नवे थर चढतायत. वरून काही दिसत नाही. एखाददुसरा माणूस गेला तर काही होतही नाही, आणि मग चुकीच्या जागी तिसरा जातो.

जेवताना नियम ठरवला. कोणीही एकाने "नको" म्हटलं की सगळे मागे. कारण विचारायचं नाही. नंतर टोमणे मारायचे नाहीत. योस्तने फोनवर लगेच हो म्हटलं. सु. म्हणाला, चालेल.
"चालेल नको, हो म्हण."
"हो."

ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज थांबवायला मला क्षण लागत नाही, टेस्टिंगची लीड आहे, तेच काम. तिथे कोणी मरत नाही म्हणून सोपं जात असावं.

ईरा ताटातलं चिवडत होती. "अँड इफ यू आर बोथ अंडर द स्नो? हू डिग्ज?"
"योस्त," सु. म्हणाला.
"बोथ?"
सु.ने भात वाढून घेतला. मी तिला सांगितलं: म्हणूनच एका वेळी एक जायचं. दोघं एकत्र कधीच जाणार नाही. प्रॉमिस.
"पापा पण प्रॉमिस करेल," ती म्हणाली. मराठीत. सु.ने केलं.

५ मार्च, शनिवार, पहाटे
निघतोय. ईरा आठवडाभर अ‍ॅमस्टेलव्हीनला ओळखीच्या जोशींकडे. सासूबाईंनी तिला मेसेजवर बजावलं होतं, दोघांच्या हातावर दही घाल. दही संपलेलं. तिने क्वार्क घातलं, इथलं दह्यासारखं चीज. सांडलं, चाटलं, निघालो. "येतो" म्हटलं, "जातो" नाही.

तुळस खिडकीत. जगली आहे, काड्यांनिशी का होईना.

८ मार्च, ऑस्ट्रिया
दोन दिवस सोप्या वाटा. झाडीतून वर, मऊ उतारावरून खाली. काय सांगू. शेवटच्या चढावर कोणीच बोलत नाही, फक्त पट्ट्या घासल्याचा आवाज, आणि मग सगळं उघडं होतं आणि आपण वर असतो. यासाठी हा माणूस येतो तर. मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगून कळलंही नसतं.

सु. आज मागून म्हणाला, "छान चालतेस." गाल दुखेपर्यंत हसत होते.

बुलेटिन: जुना थर तसाच आहे.

९ मार्च
थोडक्यात लिहिते.

वरच्या खिंडीच्या अलीकडे एक आडवा उतार, रुंद नाही. बाकी वाट सगळी सौम्य, तेवढाच तुकडा तिरपा. योस्तने सळई खुपसून पाहिलं, बराच वेळ बघत राहिला, म्हणाला, एकेक. तो पार झाला. मग मी. सु. शेवटी, काठावर.

साधारण एक तृतीयांश अंतर आले असेन. पायाखाली "व्हुम्म" झालं. मोठा आवाज नव्हता. शेजारच्या खोलीत कोणी तांदळाचं पोतं ठेवावं तसा. बर्फ माझ्यासकट किंचित खाली बसला आणि वरच्या बाजूला एक बारीक रेघ उमटली.

सुटला नाही. पण सुटू शकतो, हे तो सांगत होता.

मी थांबले. तोंडातून शब्द येईना, "नको" एवढा सोपा शब्द. पलीकडे योस्त हात वर करून उभा, हलू नको म्हणून. आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात मला सु. दिसला. काठ सोडून एक पाऊल आत आलेला.

मग आवाज फुटला.
"सुहास, तिथेच थांब."
दुसरं पाऊल.
"मी शेवटची नाही. मला सोड. ईराला काय सांगितलंयस?"

थांबला. मी त्याच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर मीच गेले असते. पाय स्कीसकट उचलला, मागे फिरवला, ठेवला. मग दुसरा. दिवाणखान्यात जितक्यांदा फिरवला तितक्यांदा चुकला असेल, आज चुकला नाही. माझ्याच स्कीच्या खुणांवरून परत. काठाला लागले तेव्हा सु. एक पाऊल मागे जाऊन उभा होता, दोन्ही हातांनी काठ्या छातीशी धरून. मिठी नाही, काही नाही. आधी लांब हो म्हणाला, इथे नको. झाडीपर्यंत एकेकटे उतरलो.

योस्त वरच्या धारेवरून लांबचा फेरा मारून आला. म्हणाला, गुड. एवढंच.

१० मार्च
काल लिहिलं नाही ते हे. झाडीपाशी थर्मासमधला चहा पीत होतो तेव्हा वरून चौघं आले. तरुण, ओरडत, हसत, एकामागे एक, त्याच उतारावरून सरळ खाली. काही झालं नाही. रेघ होती तशीच राहिली असावी.

आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत होतो. योस्त म्हणाला, "लकी, ऑर नॉट. आपल्याला कधीच कळणार नाही." मला वाटलं, आता सु. म्हणणार, बघ, उगाच घाबरलो. तो काहीच बोलला नाही. तेव्हा नाही, रात्रीच्या जेवणाला नाही, आजही नाही. माझा राग चढत चाललाय. टोमणे नाहीत असं ठरलं होतं, पण अबोल्याचं काही ठरवलं नव्हतं.

१३ मार्च, घरी
गाडीत सु. बोलला. जर्मनीच्या हायवेवर, समोर बघत. योस्त मागे झोपलेला.

मला वाटत होतं खिंड हुकली म्हणून रागावलाय. तसं नव्हतंच.

"तू मध्ये उभी आणि मी काठावर. मला हे पुन्हा जमणार नाही."
"जमलं की."
"नाही जमलं. दोन पावलं आत आलो होतो. तू ओरडली नसतीस तर तिसरं टाकलं असतं." मग, "खाली गेलो होतो तेव्हा एवढी भीती नव्हती वाटली. तेव्हा फक्त मीच होतो."

त्याच्या मांडीवर हात ठेवला. दीड वर्षाचा राग त्या हातातून उतरला. सगळा नाही, बराचसा.

ईराला रेघेचं सांगितलं, दोघांनी मिळून, खरं खरं. खांद्याचंही. तिने ऐकलं आणि सु.ला म्हणाली, "यू स्टॉप्ड. ओके."

२७ मार्च, रविवार
योस्तने पुढच्या वर्षीचं विचारलंय. सु. म्हणाला, मी येणार नाही. मग म्हणाला, तू पण नको.

"नको"ला कारण विचारायचं नाही, नियम माझाच. पण तो डोंगरातला नियम होता. घरात मी कारण विचारणार.

आणि मला जायचंय. हे लिहिताना स्वतःचंच नवल वाटतं. नवऱ्याला शोधायला म्हणून गेले, आणि आता नवरा घरी बसायला तयार आहे तर माझे पाय शिवशिवतात. ती शेवटच्या चढावरची शांतता रोज एकदा तरी आठवते. सु.ला सांगितलं. म्हणाला, माहितेय, मला बारा वर्षं तेच होतंय. दोघंही हसलो आणि प्रश्न होता तिथेच राहिला.

अबोला नाही. भांडण चालू आहे, व्यवस्थित.

३ एप्रिल, रविवार
हंगाम संपला की पीपरमधल्या बॅटऱ्या काढून ठेवायच्या असतात, नाहीतर आत गळतात. सु.ने सकाळी टेबलावर आपल्या काढल्या. माझ्याकडे हात केला.
"अजून नको," मी म्हटलं. "आधी झांडफोर्टला चल."
"आता काय पुरायचंय?"
"काही नाही. शोधायचं शिकलो, खणायचं शिकलो, वळायचं शिकलो. उभं राहायचा सराव कोणीच केला नाही."

त्याला कळलं. जाकीट चढवलं, गाडीत बसला.

ओहोटी होती. वाळू लांबवर सपाट, ओली, एक माणूस नाही. त्याला लाकडी खांबापाशी उभं केलं. म्हटलं, मी चालत जाते, तू इथून हलायचं नाही. काही झालं तरी. मी पडले तरी.
"वाळूत काय होणार आहे तुला?"
"काहीच नाही. म्हणूनच इथे."

निघाले. वारा पाठीवर. पहिल्यांदा बावळटासारखं वाटत होतं. मग वाटेनासं झालं. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तिकडे उतारावर नव्हतं बघितलं तसं. पाण्याच्या रेषेपाशी, मनाशी ठरवलं होतं तसं, मुद्दाम गुडघ्यावर बसले. तशीच राहिले, पॅन्ट भिजेपर्यंत.

मग उठून वळले. खांब दिसत होता, आणि सु. तो खांबापाशीच होता की दोन पावलं पुढे आला होता, एवढ्या लांबून कळत नव्हतं. मी हात वर केला. त्यानेही केला.